पॅडवर मारलेल्या सात टिपा

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांच्या ओळीत, एका जिन्याखाली माझी जागा आहे. एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि मी, एवढंच तिथे मावतं. फॉल-बीडिंग, पिको, पॅंटची उंची कमी करणं, लग्नानंतर घट्ट झालेले ब्लाउज उसवून सैल करणं, ही कामं मी तिथे बावीस वर्षं करते आहे. कापड हातात घेतलं की ते धुतल्यावर किती आटेल, कुठे विरेल आणि कुठे फाटेल, ते मला कळतं. निदान माझी तशी समजूत होती.

माझा धाकटा भाऊ झाडं कापतो. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. परळच्या चाळीत तो कडेवर असताना मी शाळेचा अभ्यास करायचे, एवढं आमच्यात अंतर. तो एका ठेकेदाराकडे आहे. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या फांद्या छाटायच्या, वर्षभर वाळलेली, पडायला आलेली झाडं उतरवायची, पडलेल्याचे तुकडे करून ट्रकमध्ये भरायचे. आधी तो दोर लावून चढायचा. मग गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा चढायचं काम दुसऱ्याला गेलं आणि याच्या हातात चेनची करवत आली. तो तिला मशीन म्हणतो. माझ्याकडेही मशीन, त्याच्याकडेही मशीन, त्यामुळे घरी बोलताना घोळ व्हायचा. म्हणून मी तिला करवतच म्हणते.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तो घरी न जाता माझ्याकडे आला. स्टूल मी त्याला दिलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. त्याने पाणी मागितलं, पण ग्लास हातात धरूनच बसला.

“दुसऱ्या टोळीतला एक जण आहे,” तो म्हणाला. “फांदी कापताना मशीन उसळलं. मांडीवर आलं.”

“आहे ना तो?”

“आहे. बघून आलो. पाय वाचला म्हणतात, पण नीट चालायला वेळ लागेल.” मग म्हणाला, “ताई, जीन्स होती त्याची. चांगली जाड. माझ्यासारखीच.”

मी त्याच्या जीन्सकडे बघितलं. ती मीच अल्टर केलेली होती. जीन्स शिवायला जाड सुई लागते, दोन घड्यांवर मशीन अडखळतं, पण कात्रीला ती पाच मिनिटांत शरण येते. करवतीचं तर बोलायलाच नको.

“तुम्हांला पायाला काही देत नाहीत?”

“हेल्मेट देतात, हातमोजे देतात, कानाला लावायचं देतात. बूट दिलेत. पायाचं काही नाही.”

“पण असं काही मिळतं का?”

“मिळतं. व्हिडिओत बघितलंय मी. पॅड असतं. क्रिकेटसारखं नाही, कापडाचं असतं. कमरेला पट्टा आणि पायाला मागून बकल.”

कापडाचं म्हटल्यावर मी सरसावले. कापडाचं असेल तर ते निवडायला माझ्याशिवाय दुसरं कोण जाणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, सुट्टी मिळाली की बघू. त्याची सुट्टी म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर. मी म्हटलं, तुझी एक जुनी जीन्स दे मापाला, मी जाऊन आणते.

सोमवारी आमचं मार्केट बंद असतं. जीन्स पिशवीत घालून मी नागदेवीला गेले. लोखंडी सामानाच्या त्या गल्ल्यांत मी आधी कधी गेले नव्हते. दोर, साखळ्या, पंप, बोल्ट, सगळीकडे पुरुषच. पहिल्या दुकानदाराने वेल्डिंगवाल्यांचं चामड्याचं एप्रन पुढे केलं. “हे घ्या, ठिणगीला, कटरला, सगळ्याला चालतं.” मी बोटांनी चामडं चिमटीत धरलं. माल चांगला होता. पण चांभार रोज बसून चामडंच कापत असतो, तेही हातातल्या रापीने. मी ते परत ठेवलं. दुसऱ्याने गवत कापणाऱ्यांचे प्लॅस्टिकचे नडगीचे गार्ड दाखवले. ते गुडघ्याच्या खालीच संपत होते, आणि मला तर मांडीची काळजी होती.

तिसरं दुकान लहान होतं. फवारणीचे पंप आणि करवतीचे सुटे भाग विकणारे एक म्हातारे बोहरी चाचा तिथे बसले होते. मी सांगितलं तसे त्यांनी मान हलवत ऐकलं आणि विचारलं, “भाई झाडावर चढून कापतो की खाली?”

“खाली. तुकडे करतो.”

“मग चॅप्स चालतील, हीच पट्ट्याने बांधायची पॅडं. वर चढणारा असता तर पॅंट घ्या म्हटलं असतं, पट्टे फांदीत अडकतात.” त्यांनी माळ्यावरून दोन गठ्ठे काढायला लावले. एक प्रकार नुसता समोरून झाकणारा, मागे पट्टे. दुसरा पोटरीला गुंडाळून मागे येणारा, आणि डावा पाय जास्त झाकणारा. मी दुसरा निवडला. भाऊ वाकून कापताना डावा पाय पुढे टाकतो, हे मी बघितलेलं होतं.

मग मी ते पॅड काउंटरवर पसरून तपासायला घेतलं. बाहेरून नायलॉन, गुळगुळीत आणि दाट विणीचं. कडेची शिलाई दुहेरी, सरळ. पण आत हात दाबला तर थर एकमेकांवर सरकत होते. गादीत कापूस सुटा पडावा तसं.

“आतलं सुटं आहे हो,” मी म्हटलं. “नीट बसवलेलं नाही.”

“सुटंच असतं, बेहेन,” चाचा म्हणाले. तेवढ्यात पंपाचा वायसर घ्यायला दोन माणसं आली आणि चाचा तिकडे वळले. मी मनात म्हटलं, दुकानदार दुसरं काय सांगणार. मी शिलाईचं काम करते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

माप म्हणून जीन्स लावली. पॅड लांब होतं, पण तेवढा एकच साइज दुकानात होता. लांबीचं मी बघून घेईन, असं मला वाटलं. चाचांनी बांधून देताना सांगितलं, गरम पाण्यात धुवायचं नाही, ब्लीच लावायचं नाही, तेल सांडलं तर पुसून घ्यायचं, आणि हे घातलंय म्हणून बिनधास्त व्हायचं नाही. शिवू नका, असं काही ते म्हणाले नाहीत. ते सांगायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली असेल असं वाटत नाही.

भावाने घालून बघितलं तर खालची कड बुटावरून जमिनीवर लोळत होती. चाळीच्या पॅसेजमध्ये चालताना तो दोनदा अडखळला. शिवाय वाकला की मांडीवर आतला माल गोळा होऊन फुगायचा. “बेडूक बसल्यासारखं दिसतं,” तो म्हणाला. घरातले सगळे हसले.

“दे इकडे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ते कामाला घेतलं. खालून चार बोटं कापून टाकलं. कापताना आत लांब, पांढरे, केसांसारखे मऊ धागे दिसले, एकावर एक थर. कात्री त्यांच्यातून जाताना कुरकुरली. कड पुन्हा दुमडून शिवली. मग आतला माल सरकू नये म्हणून प्रत्येक पायावर वरून खालपर्यंत सात टिपा मारल्या, गोधडीला मारतात तशा, सारख्या अंतरावर. मशीनचं चाक हाताने फिरवावं लागलं, दोन सुया मोडल्या. पण काम झालं तेव्हा मी ते टेबलावर पसरून लांबून बघितलं आणि मला फार बरं वाटलं. सपाट, घट्ट, देखणं. शेजारच्या लेसवाल्या बाईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “कंपनीनेसुद्धा असं केलं नसतं.”

खरंच केलं नसतं.

भावालाही ते आवडलं. आता अंगाशी चपटं बसत होतं, चालताना आवाज होत नव्हता. तो रोज घालायला लागला. रोज सकाळी तो कामावर निघाला की मला आधी जी धाकधूक वाटायची ती बंद झाली. जवळजवळ तीन आठवडे मी निवांत होते.

मग त्याच्याबरोबरच्या एका कामगाराने मला गाठलं. “जय भीम, ताई. मलापण एक आणून द्या ना तसलं. आणि तुमच्या त्या टिपा मारून द्या.” मला आनंद झाला. पुढच्या सोमवारी पुन्हा नागदेवीला गेले.

चाचांनी मला ओळखलं. “भाईला बसलं का बरोबर?”

“लांब होतं, पण मी कमी केलं. आणि आतलं सुटं होतं ना, त्याला टिपा मारून पक्कं केलं. माझं शिलाईचंच काम आहे.”

चाचांनी चष्मा काढला. “कुठे टिपा मारल्या? कडेला?”

“नाही, मधून. वरून खाली. एका पायाला सात.”

खालच्या ड्रॉवरमधून त्यांनी उघडून ठेवलेला एक तुकडा काढला, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवतात तसा. वरचं नायलॉन अर्धं सोललेलं होतं. पेचकस आत घालून त्यांनी तो गोल फिरवला. पांढरे धागे सरसर बाहेर आले, हातभर लांब, आणि पेचकसाला गुंडाळत गेले. बघता बघता त्याचा कापसाच्या बोळ्यासारखा गोळा झाला आणि पेचकस फिरायचा थांबला.

“करवतीचं काम असंच होतं,” ते म्हणाले. “हे कापड करवतीला अडवत नाही, बेहेन. कुठलंच कापड अडवत नाही. चेन हे धागे खेचून घेते, तिच्या चाकात गुंडाळते आणि मशीन घुसमटून बंद पडतं. धागे सुटे असतात म्हणून खेचले जातात. तुम्ही त्यांना जागच्या जागी बांधून ठेवलंत.”

“मग आता?”

“आता चेनला ते फक्त कापायचे आहेत.”

त्या क्षणी भाऊ ठाकूरद्वारला एका वाडीत पडलेल्या झाडाचे तुकडे करत होता. सकाळी त्याने फोनवर सांगितलं होतं. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कामावर असताना तो फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो आणि कानाला ती वाटीसारखी झाकणं लावतो, हे मला माहीत होतं. तरी लावत राहिले.

चाचांनी दुकानातल्या माणसाला टॅक्सी थांबवायला पाठवलं. टॅक्सी प्रिन्सेस स्ट्रीटच्या तोंडापर्यंत गेली आणि अडकली. पुढे हातगाड्या, मागे बस. मी उतरले आणि चिराबाजारातून चालत सुटले. धावायचं म्हटलं तरी धावता येत नव्हतं, इतकी गर्दी. सोनारांच्या दुकानांसमोर बायका उभ्या होत्या, मासे घेऊन बसलेल्या बायका पाणी शिंपत होत्या. एकीच्या पाटीला माझा पाय लागला. “ओ बाई, बघून,” ती म्हणाली. मी हात जोडले आणि पुढे गेले. चालताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्याने नुसती जीन्स घातली असती तर तो सांभाळून तरी राहिला असता. माझ्या पॅडमुळे तो निर्धास्त होता.

वाडीच्या तोंडाशीच करवतीचा आवाज आला. आवाज येतोय म्हणजे तो उभा आहे, हे कळून एकदम बरं वाटलं, आणि आवाज येतोय म्हणजे ती चालू आहे, हे कळून तितकीच भीतीही.

आत देवळाच्या शेजारी मोठं झाड आडवं पडलेलं होतं. लोक गॅलरीत उभे राहून बघत होते. भाऊ माझ्याकडे पाठ करून वाकला होता, डावा पाय पुढे, पायावर माझ्या सात-सात टिपा. हाक मारून उपयोग नव्हता, ऐकू आलं नसतं. जाऊन खांद्याला हात लावावा असं वाटलं, पण तोच मला नेहमी सांगायचा, मशीन चालवणाऱ्याच्या मागून कधी जायचं नाही, तो दचकला तर संपलं. म्हणून मी भिंतीला धरून लांबून वळसा घातला, त्याच्या समोर दहा-पंधरा पावलांवर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. नुसती उभी राहिले. आयुष्यात एवढं स्थिर मी कधी उभी राहिले नसेन. तो लाकडाकडे बघत होता. भुसा उडत होता. ओंडका तुटून खाली पडला, त्याने मान वर केली, आणि त्याला मी दिसले.

त्याने करवत बंद केली. हेल्मेट मागे सारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“आईला काय झालं?”

“आई बरी आहे. सगळे बरे आहेत. ते पॅड काढ.”

“काय?”

“पॅड काढ. मी चुकीचं शिवलंय.”

मग मी त्याच ओंडक्यावर बसले आणि मला रडू आलं. गॅलरीतली एक बाई पाणी घेऊन खाली आली. मुकादम आला. मी चाचांनी सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं, अर्धं नीट, अर्धं हुंदके देत. मुकादमाने पॅड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि भावाला म्हणाला, “आज तू फांद्या भर. मशीन मी बघतो.” भाऊ माझ्याशेजारी बसून मागची बकलं सोडत होता.

“एवढंच ना?” तो म्हणाला. “मला वाटलं आई गेली.”

त्याला पटलं होतं असं नाही. सगळीकडे टिपा असलेलं कापड जास्त मजबूत असणार, असं त्यालाही वाटत होतं, जसं मला वाटलं होतं. म्हणून रविवारी सकाळी तो मला शिवडीला घेऊन गेला. तिथे ठेकेदाराची लाकडं टाकायची जागा आहे. जाताना मी कतरणीच्या पिशवीतून ती खालून कापलेली चार बोटांची पट्टी बरोबर घेतली.

त्याने माझं पॅड एका जाड ओंडक्यावर गुंडाळून खिळे मारले. मला लांब उभं केलं. करवत चालू करून वरून टेकवली. पांढरा धूर उडाल्यासारखे धाग्यांचे तुकडे उडाले. करवत थांबलीच नाही असं नाही. थांबली, पण उशिरा, घरघरत, जड होऊन. पॅड बाजूला केलं तर लाकडात खाच होती. भावाने तिच्यात बोट घातलं. अर्ध्याहून जास्त बोट आत गेलं.

मग ती पट्टी खिळवली. टिपा नसलेली, जशीच्या तशी. करवत टेकली, खस्स असा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. इतकं अचानक की झाडावरच्या कावळ्यांचं ओरडणं ऐकू आलं. चेनच्या चाकात पांढऱ्या धाग्यांचा गोळा अडकला होता. खाली लाकडावर नुसती एक रेघ उठली होती, नखाने ओढल्यासारखी.

भाऊ बराच वेळ चिमट्याने ते धागे काढत बसला. मग म्हणाला, “ताई, तू मला गोधडी शिवून दिली होतीस.”

“हो रे.”

“ऊब होती पण.”

आम्ही दोघं हसलो. तीन आठवडे तो त्या पॅडवर विसंबून वाकत होता, आणि काही झालं नव्हतं. तिथे त्या भुशात उभं राहून मला दुसरं काही नको होतं.

नवीन पॅड निवडायला या वेळी तो स्वतः आला. मुकादमाने अर्धा दिवस दिला. चाचांनी त्याला बूट घालूनच यायला सांगितलं होतं. कमरेच्या पट्ट्यापासून बुटाच्या वरच्या भागापर्यंत माप घेतलं, जीन्सच्या मापाने नाही. जीन्स आपण खाली घालतो, पॅडचा पट्टा कमरेवर बसतो, तिथेच माझं पहिलं माप चुकलं होतं. आखूड साइज मागवावा लागला. तो यायला आठ-नऊ दिवस लागले, आणि तेवढे दिवस भावाने करवतीला हात लावला नाही. फांद्या ओढल्या, दोर धरला, ट्रक भरला. कुरकुरलाही नाही.

नवीन पॅड आलं तेव्हा वाकल्यावर मांडीवर ते पुन्हा बेडकासारखं फुगलं. चाचा म्हणाले, “फुगू द्या.” कमरपट्ट्याचं एक टोक फार लांब लोंबत होतं. मी विचारलं, “चाचा, एवढं दुमडून टाचू का? नुसता पट्टा आहे.” ते हसले. “पट्टा टाचा, बेहेन. पट्ट्याला परवानगी आहे.”

त्यानंतर त्याच्या टोळीतले चौघं एकेक करून हिंदमाताला आले. पायात बूट, कमरेला पट्टा. मी जिन्याखाली उभं करून त्यांची मापं घेतली आणि चाचांना कळवली. साड्या घ्यायला आलेल्या बायका वळून वळून बघायच्या. लेसवाली म्हणायची, “काय गं, ब्लाउज सोडून हे काय शिवतेस?” मी सांगायचे, शिवत नाही, फक्त मोजते.

गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी मी एका पैठणीला फॉल लावत होते. फोन वाजला. भाऊ होता.

“ताई, थांबली.”

“काय थांबली?”

“करवत. पायावर आली आणि थांबली.”

सुई मी साडीत तशीच टोचून ठेवली. “कुठे आहेस? लागलंय?”

“दादरला. नाही लागलं. मी बोलतोय ना. येतोच तिकडे.”

तो अर्ध्या तासात आला. चालत आला, दोन्ही पायांवर, पॅड काखेत धरून. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि आधी मांडी बघितली. जीन्सला ओरखडासुद्धा नव्हता. आत तळहाताएवढी जागा काळीनिळी झाली होती, माराने. तेवढंच. गुलमोहराची फांदी दबावाखाली होती, कापताना ती फटकन सुटली, करवत खाली आली, असं त्याने सांगितलं. मी त्याला वडापाव आणून दिला. त्याने एक खाल्ला आणि दुसरा मागितला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग मी पॅड मांडीवर घेतलं. डाव्या मांडीच्या जागी नायलॉन वीतभर फाटलं होतं आणि आतून पांढऱ्या धाग्यांचा मोठा झुपका बाहेर आला होता. मी तो मुठीत धरला. मऊ होता. मी आत बोट घालून बघितलं. शेवटचे दोन थर तसेच होते, त्यांना काही झालं नव्हतं.

“आता हे शिवून होणार नाही,” मी म्हटलं. एकदा चेन लागली की ते पॅड बाद, हे चाचांनी दुसरं पॅड देताना बजावलं होतं. फाटलेलं काहीही टाकून द्यायला माझा हात धजावत नाही, बावीस वर्षं मी त्याच्यावरच जगले. ते पॅड मात्र मी स्वतः नेऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि कोणी उचलून वापरू नये म्हणून आधी कात्रीने मधोमध कापलं. कात्री पुन्हा कुरकुरली. मला ते ऐकायला चांगलं वाटलं.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं नागदेवीला गेलो. या वेळी मी काही बोलले नाही. चाचांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी बसून बघत राहिले. भावाने तीन पॅडं काढायला लावली. प्रत्येकाच्या मांडीवर हात दाबून आतले थर सरकतात का ते बघितलं. बकलं उघडून-लावून बघितली. पोटरीची बाजू किती मागे येते ते बोटांनी मोजलं. घालून चार वेळा उठाबशा काढल्या. त्या गल्लीत जाणारे-येणारे हसत होते, त्याला फरक पडत नव्हता.

शेवटी एक पॅड ठरवून तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, माझ्याकडे पाठ केली आणि मान वळवून म्हणाला, “ताई, मागून नीट बसलंय का बघ.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि बघितलं. पोटरीच्या मागे सगळी बकलं सरळ रेषेत होती, खालची कड बुटाला नुसती टेकली होती.

“बसलंय,” मी म्हटलं.